अपघाताचा रंग : कार्लोस अल्माराझ

आज आपण एकाच चित्रापाशी थांबू या. 'क्रॅश इन थॅलो ग्रीन', १९८४. चित्रकार कार्लोस अल्माराझ. जन्म १९४१ चा, मेक्सिको सिटीतला; वाढला शिकागोत आणि मग पूर्व लॉस एंजेलिसमध्ये.

उंचावरून जाणारा फ्रीवे, त्यावर गाड्यांची टक्कर, भडकलेल्या ज्वाळा. आता चित्राचं नाव बघा. अपघात कुठे झाला, कोण गेलं, यातलं त्यात काहीच नाही. आहे ते रंगाच्या ट्यूबवरचं नाव. थॅलो ग्रीन म्हणजे गर्द, निळसर हिरवा.

इथे आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. हाच अल्माराझ सेझार चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेसाठी फलक रंगवत होता. 'लॉस फोर' या गटात तो होता. १९७४ मध्ये लॉस एंजेलिस काउंटी म्युझियममध्ये या गटाचं प्रदर्शन झालं आणि चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन लोकांच्या, कलेला मोठ्या संग्रहालयाचं दार उघडलं. तोच पुढे गॅलरीसाठी देखण्या आगी रंगवू लागला. मग चळवळ सुटली का? मरणाची आतषबाजी झाली का?

आम्हांला तसं वाटत नाही. हे फ्रीवे कुठून गेले? बॉइल हाइट्ससारख्या वस्त्यांमधून, मेक्सिकन-अमेरिकन लोकांची घरं पाडून. त्या रस्त्यावरची आग चिकानो चित्रकार रंगवतो, तेव्हा तो नुसता रस्ता राहत नाही.

दुसरं म्हणजे, चित्रात माणूस दिसत नाही. आपण लांबून बघतो. आधी रंग आवडतो, तोंडून 'वा!' निघून जातं. मग लक्षात येतं, अरे, त्या गाडीत कुणीतरी आहे. ती 'वा' आपल्याच घशात अडकते. चित्राचं खरं काम इथे सुरू होतं. एको पार्कचं शांत तळंही त्याने अशाच थरथरत्या, झगझगीत रंगांत रंगवलंय. त्याच्या शहरात निवांतपणा आणि संहार शेजारी-शेजारीच राहतात.

हा ताण त्याच्या प्रत्येक अपघातचित्रात टिकतो असं मात्र नाही. काही ठिकाणी ज्वाळेचा नुसता पुष्पगुच्छ होतो, हे कबूल करायला हवं.

१९८९ मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एड्सने तो गेला. पण ते मरण मागे नेऊन या चित्रांवर लादू नये. त्यांच्यात दुसऱ्यांची मरणं आहेत, आणि ती बघत बाजूने निघून जाणारे आपण आहोत.

चित्र पुन्हा एकदा पडद्यावर घेऊ. या वेळी रंगाआधी गाडी बघा.