कथिलाचा श्लेष

1983 साली ‘जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्स’मध्ये कोलकात्याहून आलेला एक शोधनिबंध छापला गेला. लेखक एस. रे, आर. बॅनर्जी, एन. बसू, ए. के. बटब्याल आणि ए. के. बरुआ. संस्था इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजे महेंद्रलाल सरकारांनी 1876 साली उभारलेली, रामन यांच्यामुळे जगाला ठाऊक झालेली. विषय ऐकायला रुक्षच: मॅग्नेट्रॉन स्पटरिंगने बनवलेले, कथिल मिसळलेल्या इंडियम ऑक्साइडचे पातळ थर. रसिकाने थांबावे ते या कथिलापाशी.

आरपार दिसणे आणि वीज वाहणे यांचे एरवी जमत नाही. तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन अमाप, म्हणून वीज वाहते आणि प्रकाश अडतो. काचेत ते नाहीत, म्हणून नेमके उलटे. इंडियम ऑक्साइडचा ऊर्जापट्ट्यांमधला प्रकाशीय पल्ला, म्हणजे प्रकाश ठळकपणे शोषताना इलेक्ट्रॉनाला खालच्या पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात मारावी लागणारी उडी, साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टहून मोठा आहे. जांभळ्या प्रकाशकणाजवळही जेमतेम तीन-सव्वातीन असतात, त्यामुळे दृश्य प्रकाश निर्धास्त पार होतो. आता स्फटिकात इंडियमच्या जागी कथिलाचा अणू बसवा. इंडियम तीन इलेक्ट्रॉन देतो, कथिल चार. तो चौथा मोकळा फिरतो आणि काच वीज वाहू लागते.

एवढेच असते तर ही नुसती युक्ती झाली असती. पण हाच इलेक्ट्रॉन दुसरेही काम करतो. वरच्या पट्ट्यातल्या तळाच्या जागा तो अडवून बसतो, त्यामुळे प्रकाश शोषला जायला आणखी वरची उडी लागते आणि शोषणाची कड अतिनील बाजूला सरकते. 1954 साली मांडल्या गेलेल्या या परिणामाला बर्स्टीन-मॉस परिणाम म्हणतात. म्हणजे भेसळ केली, आणि त्या टोकाला पारदर्शकता वाढली! अवरक्त टोकाला मात्र तीच इलेक्ट्रॉनांची गर्दी उष्णतेचे किरण परतवते. एका शब्दातून दोन अर्थ निघणारा श्लेष आपल्याला परिचित आहे. इथे एका इलेक्ट्रॉनातून तीन निघतात.

संस्कृत काव्यमीमांसक क्षेमेंद्राचे औचित्य, म्हणजे प्रमाणाचे भान, इथेही सुटत नाही. वजनाने साधारण दहा टक्के कथिल ऑक्साइड, तिथपर्यंत बहार. त्यापुढे कथिलाचे अणू ऑक्सिजनशी संगनमत करून इलेक्ट्रॉन अडकवतात, शिवाय भारित कथिल जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांना वाटेवरून ढळवत राहते. थर बनताना ऑक्सिजन कमी पडला तर तो काळवंडतो. जास्त झाला तर वाहकता घटते. खरी कारागिरी या अरुंद पट्टीत आहे.

इंडियन असोसिएशन ज्या रस्त्यावर आहे, त्याच राजा एस. सी. मल्लिक रस्त्यावरच्या जादवपूर विद्यापीठातून 2005 साली ए. एन. बॅनर्जी आणि के. के. चट्टोपाध्याय यांचा विस्तृत आढावा आला, तो उलट्या बाजूचा: इलेक्ट्रॉनऐवजी धन विवरे, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, वाहून नेणारे पारदर्शक थर. या दोन्ही जाती हाती असल्याशिवाय पारदर्शक डायोड जमत नाही. ऑक्साइडमध्ये विवरे ऑक्सिजनपाशीच खिळून बसतात. 1997 साली जपानमध्ये कावाझोए आणि सहकाऱ्यांनी तांबे-ॲल्युमिनियम ऑक्साइडात तांब्याच्या आधाराने ती सैल केली, तरी वाहकता कथिलवाल्या थराच्या हजारो पटींनी कमीच राहिली. गंमत अशी, की तिथे कथिलाचे काम करायला जादा ऑक्सिजनच लागतो.