नियंत्रक बिंदू आणि बहुपदी वक्र : पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणक आलेखन हा विषय संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात आता चांगलाच रुळला आहे. रेषा व वर्तुळ काढण्याच्या रीती शिकवून झाल्या की वक्रांचे प्रकरण येते आणि त्यात बेझिए वक्र हा घटक असतोच. चार नियंत्रक बिंदू दिले असता त्यांवरून तिसऱ्या घाताचा बहुपदी वक्र कसा निश्चित होतो, हा या घटकातील मूळ प्रश्न होय. प्रचलित मांडणीत त्याचे उत्तर थेट सूत्राने दिले जाते : १, ३, ३, १ हे द्विपद सहगुणक, प्राचलाचे चढते घात, एकातून वजा केलेल्या प्राचलाचे उतरते घात आणि या सर्वांची बेरीज. विद्यार्थी हे सूत्र पाठ करतो व उत्तरपत्रिकेत बिनचूक उतरवतो. पण जो बिंदू वक्रावर नाहीच, तो वक्राचा आकार कसा ठरवतो, असे तोंडी परीक्षेत विचारले की बहुधा शांतता पसरते. या शांततेचे कारण विद्यार्थ्याच्या आळसात शोधण्याऐवजी मांडणीच्या क्रमात शोधावे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

लोहचुंबकाचा दृष्टान्त :
सूत्राचा कोरडेपणा घालवण्यासाठी वर्गात एक दृष्टान्त सर्रास वापरला जातो. नियंत्रक बिंदू हा लोहचुंबक असून तो वक्राला आपल्याकडे ओढतो, असा तो दृष्टान्त. ऐकायला तो सोयीचा आहे, परंतु दोन बाबतींत तो दिशाभूल करतो. पहिली बाब अशी की लोहचुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर घटतो. येथे तसे काही घडत नाही. दुसरा नियंत्रक बिंदू कितीही दूर नेला तरी प्राचल एक तृतीयांश असताना वक्रावरील बिंदू त्या विस्थापनाच्या चार नवमांशच सरकतो. हे प्रमाण बिंदूच्या अंतरावर अवलंबून नसून फक्त प्राचलावर अवलंबून आहे. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. नियंत्रक बिंदू उजवीकडे सरकवला तर वक्रावरील प्रत्येक बिंदू उजवीकडेच, म्हणजे त्या विस्थापनाला समांतर सरकतो. तो नियंत्रक बिंदूच्या रोखाने जात नाही. ओढ आणि समांतर विस्थापन या वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद न कळलेला विद्यार्थी माऊसने बिंदू हलवतो, वक्र अनपेक्षित रीतीने हलतो आणि मग तो आपल्या प्रोग्राममधली नसलेली चूक शोधत बसतो.

इतिहासाने सुचवलेला क्रम :
या वक्रांचा जन्म फ्रान्समधील मोटार उद्योगात झाला. पॉल द कास्तेल्झो हे गणिती १९५८ साली सिट्रोएन कंपनीत दाखल झाले आणि १९५९ मध्ये त्यांनी नियंत्रक बिंदूंवरून वक्र काढण्याची आपली रीत लिहून काढली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनॉ कंपनीतील अभियंता प्येर बेझिए यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे तशाच वक्रांवर काम केले, ते प्रसिद्धही केले आणि त्यातून युनिसर्फ ही आरेखन प्रणाली उभी राहिली. साहजिकच नाव बेझिए यांचे झाले. गंमत अशी की आज बेझिए यांच्या नावाने फळ्यावर लिहिले जाणारे सूत्र त्यांनी मुळात त्या रूपात मांडलेच नव्हते. त्यांच्या मूळ मांडणीत बिंदू नसून बहुभुजाच्या बाजू, म्हणजे सदिश होते. हे वक्र बर्नस्टाइन बहुपदींच्या साहाय्याने लिहिता येतात, हे रॉबिन फॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये दाखवले. सर्गेई बर्नस्टाइन यांनी या बहुपदी १९१२ साली वायरश्ट्रास यांच्या सन्निकटन प्रमेयाच्या सिद्धतेसाठी योजल्या होत्या. मोटारीच्या पत्र्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. थोडक्यात, पाठ्यपुस्तक ज्या सूत्रापासून प्रारंभ करते, ते या विषयात मागाहून आले आहे.

मध्यबिंदूंची रचना :
द कास्तेल्झो यांची रीत शाळेतल्या भूमितीपलीकडे काहीही मागत नाही. (०,०), (०,८), (१२,८) आणि (१२,०) हे चार नियंत्रक बिंदू घ्यावेत. लगतच्या बिंदूंचे मध्यबिंदू काढले की (०,४), (६,८) आणि (१२,४) मिळतात. त्यांचे पुन्हा मध्यबिंदू काढले की (३,६) आणि (९,६) मिळतात, आणि त्या दोहोंचा मध्यबिंदू (६,६) हा वक्रावरील बिंदू होय. एकूण सहा मध्यबिंदू, आणि काम संपले. निम्म्याऐवजी दुसरे कोणतेही गुणोत्तर घेतले तरी कृती तीच राहते.

या छोट्याशा आकृतीत किती गोष्टी दिसतात ते पाहण्यासारखे आहे. नियंत्रक बिंदूंची उंची ८ असली तरी वक्र ६ वरच थांबतो, कारण तो सरासरीतून तयार झाला आहे. प्रत्येक नवा बिंदू आधीच्या दोन बिंदूंमधल्या रेषाखंडावरच पडतो. म्हणून संपूर्ण वक्र नियंत्रक बिंदूंच्या बहिर्वक्र कवचाबाहेर जाऊ शकत नाही. पाठ्यपुस्तकात हाच गुणधर्म वेगळे प्रमेय म्हणून येतो आणि तशाच रीतीने पाठ केला जातो. (३,६) व (९,६) यांना जोडणारी आडवी रेषा ही (६,६) या बिंदूपाशी वक्राची स्पर्शिका आहे. शिवाय (०,०), (०,४), (३,६), (६,६) हे वक्राच्या डाव्या अर्ध्या भागाचे नियंत्रक बिंदू आहेत आणि (६,६), (९,६), (१२,४), (१२,०) हे उजव्या भागाचे. म्हणजे एक बिंदू शोधता शोधता वक्राचे विभाजन आपोआप झाले. सूत्रात या गोष्टी आहेतच. पण त्या तेथे दडलेल्या आहेत.

नियंत्रक बिंदूंना आंतरवेशनाचे बिंदू समजण्याची चूकही येथेच टळते. दिलेल्या सर्व बिंदूंतून जाणारी बहुपदी काढण्याचा हट्ट किती महागात पडतो, हे रुंगे यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले : समान अंतरावरील बिंदू वाढवत नेले तर टोकांशी वक्राचे हेलकावे वाढत जाऊ शकतात. नियंत्रक बिंदू वक्राबाहेर ठेवण्यामागे ही समज आहे.

प्रात्यक्षिकाच्या वहीतील प्रोग्राम :
सूत्रप्रधान अध्यापनाचा परिणाम प्रयोगशाळेत दिसतो. नेहमीच्या प्रोग्राममध्ये प्राचलाचे शंभर समान भाग पाडून प्रत्येक ठिकाणी एक ठिपका टाकला जातो. वरील उदाहरणात एक एकक म्हणजे पडद्यावरील ५० पिक्सेल मानले, तर टोकांशी लागोपाठच्या ठिपक्यांत सुमारे १२ पिक्सेलचे अंतर पडते आणि मध्याशी सुमारे ९. वक्राऐवजी ठिपक्यांची माळ दिसते आणि तीही असमान. प्राचल म्हणजे वक्रावरील अंतर नव्हे, ही गोष्ट त्या माळेने सांगितलेली असते. परंतु विद्यार्थी शंभराचे हजार करतो आणि पुढे जातो. विभाजनाची रीत समजलेली असती तर वक्राचा तुकडा पुरेसा सरळ होईपर्यंत दुभागावा आणि मग रेषाखंड काढावा, हे त्याला सुचले असते.

येथे सूत्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य करणे न्याय्य ठरेल. एकेक बिंदू काढायचा असल्यास द कास्तेल्झो यांच्या रीतीचे श्रम घाताच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. साध्या घातश्रेणीत रूपांतर केल्यास ते घाताच्याच प्रमाणात राहतात. मात्र त्या रूपांतरात सहगुणकांचा भौमितिक अर्थ हरवतो आणि मोठ्या घातांसाठी आकडेमोडीतील चुकाही बळावतात. फारूकी व राजन यांनी १९८७ मध्ये बर्नस्टाइन रूपाची ही सरशी दाखवून दिली. तिसऱ्या घातापुरता हा वाद फारसा बोचत नाही, हेही खरे.

वर्तुळ आणि अक्षर :
कोणताही बहुपदी वक्र वर्तुळाचा कंस अचूकपणे दर्शवू शकत नाही, ही मर्यादा कित्येकदा सांगायचीच राहून जाते. पाव वर्तुळासाठी नियंत्रक बिंदू टोकांपासून त्रिज्येच्या ०.५५२३ पट अंतरावर ठेवले, तर त्रिज्येतील चूक जास्तीत जास्त ०.०२७ टक्के येते. डोळ्याला वर्तुळच दिसते, पण ते वर्तुळ नसते.

मराठी वाचकासाठी या वक्रांचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पडद्यावरील देवनागरी अक्षर. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टने अक्षरांच्या कडांसाठी तिसऱ्या घाताचे वक्र स्वीकारले. ट्रूटाइपने दुसऱ्या घाताचे. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला, विंडोजबरोबर घराघरांत पोचलेला ‘मंगल’ हा फाँट ट्रूटाइप पद्धतीचा आहे. दुसऱ्या घाताचा वक्र तिसऱ्या घातात तंतोतंत लिहिता येतो. उलट दिशेने मात्र सामान्यतः सन्निकटनच करावे लागते. त्यामुळे तिसऱ्या घातात रेखाटलेले अक्षर ट्रूटाइपमध्ये नेताना एका वक्राचे अनेक तुकडे होतात. अशा तुकड्यांच्या नोंदीत वक्राबाहेरचे दोन नियंत्रक बिंदू लागोपाठ आले, तर त्यांचा मध्यबिंदू वक्रावर आहे असे गृहीत धरले जाते. तो फाइलमध्ये लिहिलेलाच नसतो. ‘क’च्या गोलाईवर दोन तुकडे जेथे सांधा न दिसता जुळतात, तेथे अनेकदा असा न लिहिलेला मध्यबिंदू असतो.