गडी आणि भाचा

मोटरसायकलींच्या जगात जुन्याची बाजू घेणाऱ्याला रसिक म्हणतात आणि नव्याची बाजू घेणाऱ्याला श्रीमंत. मी दोन्ही नसल्यामुळे निकाल द्यायला लायक आहे, असं आमचं नम्र मत.

खटला रॉयल एनफील्डच्या दोन 'हिमालयन'चा. थोरली 2016 सालची, 411 सीसीची. धाकटी नोव्हेंबर 2023 मध्ये आलेली, 452 सीसीची. धाकटी आली आणि थोरली आपल्याकडच्या दुकानांतून गेली. घरोघरी हेच!

थोरली म्हणजे गावाकडचा जुना गडी. ताकद जेमतेम 24 घोड्यांची, गिअर पाच, घाई म्हणून नाही. हायवेवर पार रडकुंडीला आणते. पण दगडगोट्यांच्या चढावर हिचं मोल कळतं. हिची सगळी ओढ, 32 न्यूटन-मीटर, इंजिनाच्या 4000 ते 4500 फेऱ्यांतच हाताशी येते. धापा टाकत का होईना, गडी पोतं माडीवर नेऊन ठेवतो.

धाकटी म्हणजे इंजिनीअर झालेला भाचा. 40 घोडे, सहा गिअर, पाण्यानं थंड राहणारं इंजिन, गोल पडद्यावर नकाशा. इंजिन मोठं, तरी वजन 196 किलो. थोरली शेवटी शेवटी 199 किलोंवर गेली होती. म्हणजे भाचा व्यायामही करतो! मागच्या सस्पेन्शनची हालचाल 180 मिलिमीटरची 200 झाली, त्यामुळे खड्ड्यांतही मणके जागच्या जागी राहतात. ओढ 40 न्यूटन-मीटर, पण ती पूर्ण मिळते 5500 फेऱ्यांवर. भाच्याला काम सांगताना आवाज चढवावा लागतो, तो असा!

आणि सीट 800 मिलिमीटरवरून 825 वर गेली. एक इंच तर वाढली, असं उंच माणसं म्हणतात. आमच्यासारख्यांचा कच्च्या रस्त्यावरचा पहिला ब्रेक म्हणजे पाय. तो टेकला नाही, तर दोनशे किलोंचा भाचा अंगावर येतो. गाडी किती पळते हे सगळे सांगतात. ती उतारावर थांबते तेव्हा आपलं काय होतं, हे कुणी सांगत नाही.

तेव्हा निकाल असा : पुण्याहून मनालीपर्यंत भाचा, आणि पुढे स्पितीकडे, ग्रामफू ते बातलच्या धोंड्यांतून, गडी. एकच घ्यायची ऐपत असेल तर नवीच घ्या, ती सरस आहे. पण शिका मात्र थोरलीवर, तीही कुणाची तरी मागून आणून. मागून आणलेली गाडी माणूस आपोआप सावकाश चालवतो.