पाट्यांतली कारागिरी

नांदेड-लातूरकडं गाडी उंच करणारे मिस्त्री नाक्यानाक्यावर भेटतात. मुद्दाम खाली बसवणारा मात्र शोधत फिरावं लागतं. कारण उघड आहे. इकडं पिकअप घेतात ती ओझ्यासाठी: आडतीवर जाणारी सोयाबीन-तुरीची पोती, मोंढ्यातून निघालेलं खत, हंगामात ऊस, आणि उन्हाळा लागला की हौद्यात चढवलेली प्लास्टिकची टाकी. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं खरं, पण गल्लीपर्यंत ते पोचवायला टँकरच लागले. अशा मुलखात नवी गाडी शोरूममधून निघाली की आधी पाटेवाल्याकडं जाते. कंपनीच्या पाट्यांत आणखी एक-दोन पाटे भरले जातात, मागची बाजू चार बोटं वर उचलते आणि मालक निर्धास्त होतो, आता काही गाडी बसत नाही.

जुनी पिकअप घ्यायची, तिला खाली उतरवायची, ओझ्यातून कायमची मोकळी करायची, ही हौस त्यामुळं इथं परकी वाटते. तरी या कलेचा हिशेब नांदेड-लातुरातूनच मांडावा असं मला वाटतं, कारण तिला लागणारा हात इथं केव्हाचा तयार आहे. तो गाडीखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी राबतो. वर जे दिसतं ते बहुतेक उसनं, आणि आपण बोलतो ते त्या वरच्याबद्दलच.

पाट्याचं काम जरा थांबून पाहावं. सगळ्यांत वर मुख्य पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना बुश बसवायला वळवलेली कडी. खाली आखूड होत जाणारे पाटे, मधोमध सेंटर बोल्ट, आणि अख्खा गठ्ठा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट. थकलेला पाटा मिस्त्री ऐरणीवर घेतो आणि बोटबोटभर अंतरावर घण घालत त्याची कमान परत आणतो, तीही न तापवता. गॅस लावला की पोलादाचं पाणी उतरतं. तसा पाटा पुढं एखाद्या खड्ड्यात बसतो, नाहीतर तुटतो. घाव किती जोराचा आणि कुठं, याचं माप लिहिलेलं नसतं. डाव्या-उजव्या बाजूचे पाटे शेजारी उभे करून तो एक डोळा मिटून कमानी जुळवतो. थोडा फरक राहिला तरी गाडी एका अंगाला कलते, आणि ते ड्रायव्हरला पहिल्याच फेरीत कळतं.

गाडी खाली आणायची तर हीच विद्या उलटी चालवायची. आडमुठे मार्ग दोन. पाटे काढून टाकले की ब्रेक मारताना उरलेले पिळवटतात. तापवून सपाट केले तर काय होतं ते वर आलंच आहे. शहाणा मार्ग गाडीच्या बांधणीवर ठरतो. विलीज घाटाच्या जुन्या जीपमध्ये पाटे ॲक्सलच्या खाली असतात, तिथं दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा घातला की गाडी तेवढी उतरते. मालवाहू गाडीत पाटे बहुधा ॲक्सलच्या वर, म्हणून तिथं ॲक्सलच उचलून पाट्यांवर घ्यावा लागतो. मग ॲक्सल चासीवर आदळायला लागतो, तेव्हा चासीच्या पट्टीत अर्धचंद्राकार खाच कापून तिच्याभोवती जाड पत्र्याचा चॅनल वेल्ड करायचा. प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, तो पाचर घालून सुधारायचा. पुढं स्टिअरिंगचे दांडे नव्या उंचीला जुळवून घ्यायचे, नाहीतर चाक खड्ड्यात गेलं की गाडी आपल्या मनानं वळते. डंपरची फाटलेली चासी जोडून पुन्हा खडीवर पाठवणाऱ्या इथल्या वेल्डरला यातलं एकही काम अवघड नाही.

अमेरिकेत हे सगळं दुसऱ्याच तिडिकेतून आलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या शेवरले खाली बसवल्या आणि मुद्दाम सावकाश फिरवल्या. वेगासाठी सोललेल्या हॉट रॉड गाड्यांना ते उत्तर होतं. गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमपेक्षा खाली नको, असा कायदा तिथं १९५८पासून आला. वर्षभरात रॉन अगिरे नावाच्या तरुणानं आपल्या कॉर्व्हेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, पोलीस गेले की खाली. अशा सावकाश फिरण्यावरच्या तिथल्या गावोगावच्या बंदी २०२३च्या कायद्यानं उठल्या. जपानमध्ये १९७५च्या ‘टोराक्कू यारो’ या चित्रपटानंतर दिव्यांनी मढवलेल्या ट्रकांची लाट आली. दोन्हीकडं एक गोष्ट घडली जी आपल्याकडं घडलेली नाही: गाडी बांधणाऱ्यांनी एकमेकांच्या गाड्या तपासल्या, भांडले, नावं ठेवली, आणि त्या भांडणातून चांगल्या-वाईटाची जाण तयार झाली.

आपल्याकडचं वरचं काम आता पाहू. फाळक्यावर कमळ, मोर, वाघ रंगवणारा पेंटर जवळजवळ संपला. त्याच्या जागी रेडियमचं दुकान आलं. यंत्र अक्षर कापतं, पोऱ्या चिकटवतो, आणि किनवटपासून निलंग्यापर्यंत ‘आईचा आशीर्वाद’ एकाच वळणात वाचायला मिळतो. व्यावसायिक गाड्यांवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर राज्यानं २०१५मध्ये बंदी घातली, तेव्हा बऱ्याच पेंटरांच्या हातचं शेवटचं ठरलेलं कामही गेलं. नंबरप्लेटवर २१४चा ‘राम’ आणि ४१४१चा ‘दादा’ करणं बेकायदा होतं, कबूल. पण इंग्रजी अंकांच्या पोटातून देवनागरी अक्षर काढणारी ती एक खरी अक्षरकला होती, आणि माझ्या मते मराठवाड्याच्या रस्त्यावर तिच्याइतकी चतुर दुसरी नव्हती. १ एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाल्यावर एमएच-२६ असो की एमएच-२४, सगळ्या पाट्या एका छापाच्या झाल्या.

जास्तीत जास्त पैसा आणि मेहनत सध्या डीजेच्या गाडीत जाते. हौद्यावर अँगलचा सांगाडा, त्यात साउंडच्या भिंती, वर एलईडी, जनरेटरचा जोड. कारागीर म्हणून मी या कामाला सलाम करतो. एवढं वजन एवढ्या उंचीवर नेऊन मिरवणुकीत न कलंडता चालवणं खायचं काम नाही. पण डोळ्यांनी पाहिलं तर ती गाडी उरलेलीच नसते, भिंतीला चाकं लावलेली असतात. कानांबद्दल तर बोलायलाच नको. गंमत म्हणजे खाली बसवलेल्या गाडीला जी चाल शोभते ती हीच, माणसाच्या पावलापेक्षा हळू. मिरवणूक आपल्याकडं आहे, तिच्यात पाहण्याजोगी गाडी नाही.

वरातीच्या ‘विंटेज’ गाड्यांवर मात्र मला दयामाया दाखवता येत नाही. मारुतीच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून लांब नाक काढायचं, बाजूला खोटी स्टेपनी लावायची, सोनेरी पट्ट्या ओढायच्या आणि नवरदेवाला मागं बसवायचं. चाकं इतकी बारकी की मडगार्डच्या पोकळीत ती हरवतात. ज्या गावात खरी जुनी जीप एखाद्या गोठ्यात गंजते आहे, त्याच गावात ही नक्कल भाड्यानं फिरते. दुसरा ओढा उत्तरेचा. हरियाणातल्या मंडी डबवालीत बांधलेल्या जीपा देशभर जातात, आणि हजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळं पंजाबशी नांदेडची ये-जा जुनी असल्यानं ती चवही इथं रुजली: रुंद टायर, उंच बंपर, कर्कश हॉर्न. म्हणजे उसनी हौससुद्धा उंचीचीच.

कच्चा माल कोणता म्हणाल, तर विलीजच्या वंशातल्या महिंद्राच्या जीपा आणि एफसी-१५०, बजाज टेम्पोची मॅटाडोर, १९८६पासूनची टाटा ४०७, १९८८ची टाटामोबाईल. यात खाली बसवल्यावर सगळ्यांत देखणी कोणती, यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे. माझं मत एफसी-१५०ला. इंजिनावर चढून बसलेली तिची केबिन आणि मागचा आखूड हौदा यांच्यात आज उंचीमुळं जो बेंगरूळपणा दिसतो, तो चार-पाच इंच खाली घेतल्यावर उरणार नाही. हौशी लोकांना जुन्या जीपा मिळायच्या त्या बऱ्याचदा सरकारी लिलावात. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढं चालू राहत नाही, त्या थेट भंगार केंद्रात जातात. तो झरा आटला.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ घडणीत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. २०२१मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू झाली, वीस हजार रुपये शुल्क भरून. पण अट अशी की गाडी पन्नास वर्षांवरची हवी आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. म्हणजे जुनी गाडी जपा, पण तिच्यात काही सुचवू नका. दुसऱ्याचा जीव घालवणारे फेरफार रोखायलाच हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती व्यवहाराची: ओझ्यासाठी भरलेला जादा पाटा पासिंगला कुणाच्या डोळ्यावर येत नाही, आणि कसबीनं कापून-जोडून पक्की केलेली खाच मात्र गुन्हा ठरते. पासिंगच्या आदल्या रात्री काढायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचं, ही सवय मग कामाचा दर्जाच खाते. काढ-घाल करता येईल असंच काम होतं, म्हणजे वरवरचं.

रस्त्यावर न चालवता गाडी पाहायची एक जागा आपल्याकडं आहे. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या पशुप्रदर्शनात लाल कंधारी आणि देवणी वळू उभे राहतात तेव्हा शेतकरी काय पाहतात? वशिंड, पाठीची रेघ, खूर, चाल. झूल बाजूला सारून पाहतात. हीच नजर गाडीवर वळली पाहिजे. गाड्या ट्रेलरवरून आणाव्यात, मैदानात उतरवाव्यात, तिथूनच परत न्याव्यात. रंगाला गुण कमी, वेल्डच्या शिवणीला आणि पाट्यांच्या कमानीला जास्त. परीक्षक म्हणून कुठल्या कलावंताला बोलवू नये. पाटेवाल्याला बोलवावं, आणि आडवं होऊन गाडीखाली शिरायला त्याला एक गोणपाट द्यावं.