जहाज एक, पुस्तकं दोन

बीगल जहाजावर मी पहिल्यांदा चढले ते डार्विनचं बोट धरून. तुम्हीही बहुधा तसेच चढला असाल. त्या गोष्टीतला कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय म्हणजे तापट, कर्मठ, बायबलला चिकटलेला माणूस. पुढे कधीतरी मी त्याचं स्वतःचं पुस्तक उघडलं आणि हे चित्र डळमळलं.

बीगलच्या सफरींचा वृत्तान्त १८३९ मध्ये छापला गेला. दुसरा खंड फिट्झरॉयचा, तिसरा डार्विनचा. डार्विनचा खंड लगेच स्वतंत्रपणे निघाला आणि आजही वाचला जातो. फिट्झरॉयचा मागे पडला, आणि ते उगाच नाही. वारा, पाण्याची खोली, नांगर टाकायची जागा; पानंच्या पानं तो हेच सांगतो. डार्विनला खडक दिसला की प्रश्न पडतो, याला दिसतो जहाजाचा धोका.

पण मधेच जेमी बटन येतो. १८३० मध्ये टिएरा देल फ्युएगोच्या किनाऱ्यावर फिट्झरॉयची एक होडी चोरीला गेली. ती मिळवण्यासाठी त्याने तिथल्या लोकांना ओलीस धरलं. होडी मिळाली नाहीच. शेवटी तो चौघांना ‘सुधारण्यासाठी’ इंग्लंडला घेऊन गेला. त्यांतल्या एका पोराच्या बदल्यात शिंपल्याचं बटण दिलं होतं, म्हणून त्याचं नाव जेमी बटन. एकजण लस टोचूनही देवीने गेला. उरलेल्या तिघांना १८३३ मध्ये परत सोडलं. वर्षभराने जेमी पुन्हा भेटला तो उघडा, रोडावलेला. इंग्लंडला यायला त्याने नकार दिला. जुन्या मित्रांसाठी मात्र पाणमांजराची कातडी आणली होती.

हे सगळं फिट्झरॉय स्वतःच लिहितो. आपण काही वाईट केलं असं त्याला वाटत नाही. जेमीची मुलं एखाद्या दिवशी बुडत्या खलाशाला मदत करतील, अशी आशा धरून तो विषय संपवतो. मला त्याची ही समजूत पटत नाही. पण त्याच्याविरुद्धचा सगळा पुरावा मला त्याच्याच पुस्तकात मिळतो.

शेवटाकडे तो नोहाच्या महापुराची बाजू मांडतो. तिथेही कबूल करतो, की गोट्यांनी भरलेली अफाट मैदानं पाहून हे चाळीस दिवसांच्या पुराचं काम नव्हे, असं एकदा आपणच म्हणालो होतो. निष्कर्ष चुकतो, पण नोंद खोडत नाही.

नोंदी घेण्याचीच ही सवय पुढे कामी आली. १८५९ च्या वादळात रॉयल चार्टर जहाज बुडून चारशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तारेने आलेल्या नोंदी जुळवून १८६१ पासून त्याने बंदरांना वादळाचे इशारे आणि वर्तमानपत्राला हवामानाचा अंदाज द्यायला सुरुवात केली. अंदाज चुकला की टिंगल व्हायची. १८६५ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

डार्विन वाचायचाच. पण जेमीची प्रकरणं दोन्ही खंडांतून शेजारी ठेवून वाचा. डार्विन तिथे पाहुणा आहे. फिट्झरॉय मात्र स्वतः केलेलं लिहितोय.