सूर्यमालेबाहेरील ग्रहांची कडी : एका अनुमानाची चिकित्सा

शनीचे कडे प्रथम दृष्टीस पडले ते गॅलिलिओच्या, १६१० साली. परंतु ते कडे आहे हे त्यास उमगले नाही. ग्रहाच्या दोहों बाजूंस त्याला दोन लहान गोल दिसले, आणि १६१२ मध्ये तेही दिसेनासे झाले. उलगडा हायगेन्सने १६५९ च्या आपल्या ग्रंथात केला. त्याच्या उपपत्तीचे बळ ती दृश्याशी जुळत होती एवढ्यातच नव्हते. कड्याची धार आपल्याकडे वळेल तेव्हा ते पुन्हा अदृश्य झालेच पाहिजे, असे ती आगाऊ सांगत होती. अन्य ताऱ्यांच्या ग्रहांना कडी असल्याची जी विधाने अलीकडे झाली, त्यांना हाच निकष लावणे अगत्याचे आहे.

यांतील सर्वांत गाजलेले उदाहरण नरतुरंग तारकासमूहातील ‘जे १४०७’ या तरुण ताऱ्याचे होय. एप्रिल-मे २००७ मध्ये सुमारे आठ आठवडे त्याचा प्रकाश चढउतार होत मंदावला. एका टप्प्यावर तो ९५ टक्क्यांपर्यंत घटला. ‘सुपरवास्प’च्या नोंदींतून ममायेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही घटना २०१२ मध्ये पुढे आणली. २०१५ मध्ये केनवर्दी व ममायेक यांनी तिची उपपत्ती किमान ३७ कड्यांच्या रचनेने लावली. या रचनेची त्रिज्या सुमारे ९ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून बुधाच्या अंतराहूनही अधिक!

येथे पहिली हरकत संख्येविषयी आहे. प्रकाशवक्र सांगतो एवढेच, की कोणत्या क्षणी किती प्रकाश अडला. अडविणारी वस्तू समकेंद्री कड्यांची आहे हे गृहीत धरले, म्हणजे वक्राचे प्रत्येक वळण ही एका कड्याची कड ठरते. ३७ हा आकडा त्या गृहीताचा परिपाक आहे. तो निरीक्षणाचा आकडा नव्हे. दुसरी हरकत शब्दाविषयी आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. शनीची मुख्य कडी रोश मर्यादेच्या आत आहेत, म्हणूनच त्यांतील कणांचे चंद्र बनत नाहीत. प्रस्तुत रचना त्या मर्यादेच्या फार पलीकडे पसरलेली आहे. तेथील द्रव्य कालांतराने एकत्र येऊन त्याचे चंद्र व्हावयाचे. तेव्हा तिला धूलीची तबकडी म्हणणे यथार्थ ठरेल. चित्रकारांनी मात्र तिला शनीचेच रूप दिले आणि वाचकांच्या मनात तेच ठसले.

शिवाय प्रकाश ज्या झपाट्याने बदलला त्यावरून निघणारा वेग वर्तुळाकार कक्षेस मानवत नाही. कक्षा अतिलंबवर्तुळाकार मानावी, तर ताऱ्याजवळून जाताना तबकडी विस्कटते. ती टिकविण्यासाठी कणांचे भ्रमण उलट दिशेचे मानावे लागते, असे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. उपपत्तीला असे टेकू देता येतात. पण घटनेची पुनरावृत्ती कोठे आहे? जुन्या छायाचित्र-काचांच्या २०१८ मधील तपासणीत ती आढळली नाही. ‘आल्मा’ दुर्बिणीच्या २०१७ मधील निरीक्षणांतही ताऱ्याच्या जागी धूलीचा मागमूस नव्हता. किंचित दूर एक निराळा उद्गम तेवढा दिसला. ती वस्तू कदाचित ताऱ्याशी बद्धच नसावी, ही शक्यता २०२० मध्ये मांडणाऱ्यांत स्वतः केनवर्दी होते. हा प्रामाणिकपणा उल्लेखनीय आहे.

नकारार्थी निष्कर्षांची मात्र कोणी फारशी दखल घेत नाही. केप्लर दुर्बिणीच्या नोंदींपैकी २०१५ मध्ये २१ ग्रह तपासले गेले, २०१८ मध्ये १६८. निश्चित कडे एकही हाती आले नाही. ताऱ्यालगतच्या ग्रहांभोवती बर्फाचे कडे टिकणार नाही, हे त्याचे एक कारण.

म्हणून ‘एचआयपी ४१३७८ एफ’ हा दूरचा ग्रह विचारार्ह ठरतो. त्याची त्रिज्या पृथ्वीच्या ९.२ पट, वस्तुमान केवळ १२ पट. घनता पाण्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. ग्रह मुळात लहान असून कड्यांमुळे मोठा भासतो, असे २०२० मध्ये सुचविले गेले. हबलने घेतलेला त्याचा वर्णपट २०२२ मध्ये सपाट आढळला. तो कड्यांशी जुळतो, तसाच उंच धुक्याशीही जुळतो. निर्णय व्हावयाचा तो अधिक्रमणाच्या आरंभी व अखेरीस. कडे असेल तर ग्रहबिंबाच्या आधी त्याची कड ताऱ्यास शिवेल आणि प्रकाश त्या वेळेपासूनच किंचित घटू लागेल. परंतु हे अधिक्रमण ५४२ दिवसांतून एकदा घडते, आणि ते सुमारे १९ तास चालत असल्याने पृथ्वीवरील कोणत्याही एका वेधशाळेस ते एका रात्रीत संपूर्ण पाहता येत नाही.