गर्वगीतानंतरचे गद्य

मराठी वाचकाच्या मनातील समुद्र बहुधा काठावरून पाहिलेला असतो. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर समुद्राला जी हाक घातली, तीत तो मायभूमीपासून तोडणारा आणि तिच्याकडे नेऊ शकणारा असा आहे. घरापासून दूर नेमणुकीवर असलेल्या आपल्यासारख्यांना ती कविता अधिक भिडावी यात नवल नाही. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तील (१९४२) 'कोलंबसाचे गर्वगीत' या कवितेत खवळलेला समुद्र मानवी जिद्दीपुढे प्रतिस्पर्धी म्हणून उभा राहतो. दोन्ही कविता थोर आहेत. परंतु त्यांवर पोसलेला कान घेऊन एकट्या खलाशाच्या नौकाभंगाची हकीकत वाचावयास बसले, की पहिल्या काही पानांतच निराशा पदरी येते. तेथे गर्व नसतो आणि आळवणीही नसते. किती पाणी उरले, कोणता दोर तुटला, कोणता हात हलतो, एवढेच असते. या रुक्षपणातच त्या लेखनाचे बळ आहे, असे मला वाटते.

२०१८ साली भारतीय नौदलात असलेल्या अभिलाष टॉमी यांचेच उदाहरण घ्या. २०१८ च्या 'गोल्डन ग्लोब' शर्यतीत ते 'थुरिया' नावाच्या नौकेतून एकटेच पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले होते. ही नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्या ज्या 'सुहेली'ची ती प्रतिकृती, ती स्वतः मुंबईत घडलेली. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने 'थुरिया' उलथून टाकली. त्यानंतर टॉमी यांनी जो संदेश पाठविला त्यात चारच गोष्टी होत्या : नौका उलटली, डोलकाठी गेली, पाठीला जबर दुखापत, उठता येत नाही. टिपण्या आणि मसुदे लिहिण्यात ज्यांची हयात जात आहे, त्यांनी हा संदेश क्षणभर मसुदा म्हणून तपासावा. घटना, नुकसान, इजा आणि मदतीची निकड : क्रम अचूक, विशेषण एकच, आणि तेही आवश्यक. तारेच्या भाषेत एक प्रकारचे काव्य असते असे कोणी म्हटले की मी एरवी साशंक होतो. येथे मात्र हरकत घेववत नाही.

अशा हकीकतींत निवेदकापुढे एक विलक्षण अडचण असते. तो जगला हे पुस्तक हाती घेतानाच वाचकास ठाऊक असते. म्हणजे उत्कंठा आरंभीच संपली. दुसरा साक्षीदार नाही. म्हणजे पडताळा नाही. मग विश्वास बसावा कशावर? स्टीव्हन कॅलहन यांच्या 'ॲड्रिफ्ट' (१९८६) या पुस्तकाने याचे उत्तर दिले आहे. १९८२ च्या फेब्रुवारीत कॅनरी बेटांच्या पश्चिमेस त्यांची स्वतः बांधलेली लहानशी नौका रात्री बुडाली आणि पुढले ७६ दिवस त्यांनी रबरी तराफ्यावर काढले. उन्हाच्या उष्णतेने खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे साधन दिवसाकाठी जेमतेम अर्धा लिटर पाणी देई. तराफ्याखाली पोहणारे डोराडो मासे हेच अन्न आणि हीच सोबत. पुस्तकाचा कळस कोठे असेल तर तो सुटकेत नाही. भाल्यात अडकलेल्या माशाच्या धडपडीत भाल्याचे मोडके टोक तराफ्यात घुसले; ते भोक बुजविण्यासाठी जे दहा दिवस गेले, त्या पानांत तो आहे. ठिगळ बसते, सुटते, पुन्हा बसते, पुन्हा सुटते. येथे वाचक कॅलहन यांच्यावर पूर्ण विश्वास ठेवतो. कारण असे कंटाळवाणे अपयश कोणी कल्पनेने रचीत नाही. मधूनमधून ते चिंतनात शिरतात. ती पाने मला तितकी वजनदार वाटली नाहीत.

'एकटा' या शब्दाचाही या साहित्यात फार सैल वापर होतो. टॉमी आपल्या नौकेत पडून होते, तेव्हा तिची दशा त्यांना स्वतःला बाहेरून दिसत नव्हती. ती पाहिली भारतीय नौदलाच्या विमानाने. त्याच वादळात स्वतःची डोलकाठी गमावलेले ग्रेगर मॅकगकिन त्यांच्याकडे येण्याची धडपड करीत होते. आणि २४ सप्टेंबर रोजी फ्रान्सच्या 'ओसिरिस' या जहाजाने त्यांना उचलले. म्हणजे या हकीकतीचा मोठा भाग तिच्या नायकाच्या नजरेआड घडला. वृत्तपत्रे तो भाग चमत्काराने भरून काढतात. चांगला लेखक ती पोकळी तशीच राहू देतो.

या दृष्टीने दिलीप दोंदे यांचे 'द फर्स्ट इंडियन' हे पुस्तक अवश्य वाचावे. नौकाभंग त्यात नाही. २००९-१० साली 'म्हादेई' नौकेतून चार बंदरे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची, आणि बांधणी पुन्हा दांडेकरांचीच, मांडवीतल्या दिवाडी बेटावर. दोंदे यांनी प्रवासाइतकेच मन पूर्वतयारीवर खर्च केले आहे. ज्यांना लाटाच हव्या असतील ते ही पाने उलटतील. पण बुडालेल्याला जे वाचविते ते बहुतेक किनाऱ्यावरच जुळविलेले असते, आणि त्याचे वर्णन करावयास कोलंबसाचा आवेश उपयोगी पडत नाही. दोंदे यांनी मूळ पुस्तक इंग्रजीत लिहिले. येथे बोगादीस, घाटमाथ्यामागे, समुद्रापासून इतक्या दूर बसून ते वाचताना शीड, सुकाणू, डोलकाठी, नांगर हे आपले शब्द एकेक करून आठवू लागतात. तांडेलांच्या आणि खलाशांच्या तोंडी ते आजही आहेत. मराठी गद्याने मात्र ते फारसे कामाला लावलेले नाहीत.